झाकण लावून काढलेला फोटो

आमच्या संस्थेत त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. दारावर ‘सूक्ष्मदर्शक कक्ष’ अशी पाटी होती आणि आत जे गृहस्थ बसायचे ते भिंगकाका. शिपायापासून विभागप्रमुख बाईंपर्यंत सगळे तेच म्हणत. मी भांडारात होते, बावीस वर्षं. स्लाइडची खोकी, रसायनांच्या बाटल्या, हातमोजे, सगळं माझ्या खिडकीतून जायचं. काका आठवड्यातून दोनदा तरी भिंगं पुसायचा कागद न्यायला यायचे आणि माझ्या चष्म्याकडे बघून म्हणायचे, “ताई, मी खरं तर एवढा धुरकट नाहीये. काच पुसा जरा.”

पुढे जे सांगणार आहे त्यातलं थोडं मी स्वतः पाहिलं. बाकीचं त्यांनीच मला सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, तुकड्यातुकड्यांनी. सांगताना ते माझ्याकडे बघत नसत, टेबलावरच्या पाण्याच्या डागाकडे बघत असत.

ते संस्थेत आले तेव्हा बाविशीचे होते. शिक्षण अर्धवट सुटलेलं. काम मिळालं ते डार्करूममध्ये तबकड्या धुण्याचं. तिथून हळूहळू फिल्म धुणं, मग फिल्म भरणं, मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून फोटो काढणं. हात असा बसला की मोठमोठ्या पदव्यांची माणसं त्यांच्या खोलीत येऊन गुमान बाजूला उभी राहायची. काका म्हणायचे, “सरका जरा,” आणि दोन बोटांनी चाक फिरवायचे, की जे तासभर सापडत नव्हतं ते समोर लख्ख. त्यांचा फोटो कधी हलला नाही, कधी रंग बिघडला नाही. गुलाबी रंगवलेला काप गुलाबीच दिसायचा, जांभळट नाही.

पण एक होतं. पुस्तकाची त्यांना भीती वाटायची. नवीन यंत्र आलं की सोबत जाड माहितीपुस्तक यायचं, ते काका कपाटावर ठेवायचे, अगदी वर, हात पोचणार नाही असं. आणि कुणी काही समजावू लागलं की मध्येच म्हणायचे, “कळलं.” समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यांचं कळलेलं असायचं. मला यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. मीही तेच करते.

फिल्मचे दिवस संपले आणि संस्थेने नवा कॅमेरा घेतला. खोकं माझ्याच भांडारात उतरलं, सही मीच केली. पोळ्यांच्या डब्याएवढा कॅमेरा, मागे पंखा, आणि दोन वायरी. एक संगणकाला जाणारी, दुसरी थंडाव्याची. बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला होता. त्याने काकांना उभं करून नीट सांगितलं. साध्या रंगवलेल्या स्लाइडला प्रश्न नाही, तिथे भरपूर उजेड असतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत फोटो निघतो. पण काही नमुने अंधारात स्वतः चमकतात, अगदी मंद. ते टिपायचे तर कॅमेरा मिनिटभर उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात उजेड टिपणारी आतली चकती स्वतःच्या उष्णतेनेच नसलेला उजेड दाखवायला लागते. म्हणून ती थंड ठेवायची. ही वायर, हा पंखा आणि हा बारीक दिवा. दिवा हिरवा झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही.

“कळलं,” काका म्हणाले.

“काही शंका?”

“छे.”

इंजिनिअरने आपलं कार्ड दिलं, ते काकांनी टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

पंखा मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून छळायला लागला. सगळ्यात मोठं भिंग लावलं की पंख्याच्या थरथरीने चित्र किंचित हलायचं. किंचितच, पण काकांना ते पायात रुतलेल्या काट्यासारखं. आणि एकदा बाहेरून आलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक पडद्याकडे बघून सहज म्हणाले, “हलतोय का हो फोटो?” सगळ्यांच्या देखत. त्या दिवशी काका जेवले नाहीत. रबराचे तुकडे लावून बघितले, लाकडी फळी घालून बघितली, फरक पडेना. शेवटी एका दुपारी त्यांनी थंडाव्याची वायर काढली. पंखा थांबला. चित्र दगडासारखं स्थिर. फोटो काढला, उत्तम आला.

ती वायर गुंडाळून त्यांनी खणात ठेवली. दिवा आता हिरवा होईना, पिवळाच राहिला, आणि अंधारात तो डोळ्यात यायचा, म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावली. संगणक रोज सकाळी काहीतरी सूचना दाखवायचा. तीन ओळी आणि एक त्रिकोण. काका ती बंद करायचे. इंजिनिअरला विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही, कार्ड तर समोरच होतं. “पण त्याने म्हटलं असतं, मी सांगितलं होतं ना,” काका मला म्हणाले. “आणि सांगितलं होतंच की त्याने. मी ऐकलं नव्हतं.”

असे काही महिने गेले, आणि मग पालवाली आली.

ती डॉक्टरेटसाठी आलेली विद्यार्थिनी. तिचा विषय भिंतीवरची साधी पाल. पालीची शेपटी तुटते आणि परत येते, तर त्या नव्या शेपटीतल्या मज्जातंतूंत नेमकं काय घडतं, हे तिला बघायचं होतं. जाळीच्या झाकणाच्या चाळीस डब्यांत चाळीस पाली. प्रत्येकीला क्रमांक, आणि क्रमांकावरून ती त्यांना ओळखायची. “सव्वीस आज रुसलीय,” म्हणायची. तिच्या किड्यांचा पुरवठा माझ्या भांडारातून व्हायचा. एकदा खोकं फुटलं आणि आठवडाभर माझ्या फायलींमधून किरकिर येत होती.

काकांना ती आवडायची. त्यांना एकच मुलगा, तो कामासाठी लांब, फोन करायचा तोही घाईघाईत. ही पोरगी तासन्‌तास त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसायची, स्वतःच्या डब्यातलं त्यांना द्यायची. तिची पदवी तीन वर्षं लांब होती, पण काका पहिल्या आठवड्यापासून तिला डॉक्टर म्हणायचे. “काय डॉक्टर, आज कुणाची शेपटी?”

काम असं चालायचं. शेपटीचे केसापेक्षा पातळ काप काढायचे, त्यांना एक खास रंग लावायचा. तिला जे द्रव्य शोधायचं होतं ते असेल तिथे तो रंग अंधारात लाल चमकायचा. मग कॅमेरा मिनिटभर उघडा ठेवायचा, फोटो काढायचा आणि लाल ठिपके मोजायचे. ती शिस्तीची मुलगी. सकाळी नेहमी मूळ शेपटीचे काप, दुपारी नव्या शेपटीचे. फोटोत निळे-हिरवे ठिपकेही यायचे. तिने विचारलं तेव्हा काका म्हणाले, “तो कचरा आहे. बाकीचे रंग बंद कर, लाल तेवढा ठेव.” तिने ठेवला.

वर्षभरात निकाल हाती आला आणि तो देखणा होता. मूळ शेपटीत ठिपके थोडे, नव्या शेपटीत जवळजवळ तिप्पट. प्रत्येक पालीत. विभागप्रमुख बाई, ज्या तिच्या मार्गदर्शक होत्या, एरवी कुणाच्या पाठीवर हात ठेवायच्या नाहीत, त्यांनी ठेवला. लेख छापून आला. शेवटी आभार मानले होते, त्यात काकांचं पूर्ण नाव होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. त्यांनी लेखाची प्रत घरी नेली, बायकोला ती ओळ बोट ठेवून दाखवली. काकूंना बाकी काही कळलं नाही, पण त्यांनी ती प्रत कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली.

त्यानंतर एका परिषदेसाठी तिला मोठं भित्तिपत्रक करायचं होतं. काकांनी नव्या शेपटीचे दोन फोटो पानभर छापून काढले, एक सात नंबरच्या पालीचा, एक एकोणतिसावीचा. छपाई नीट झाली का बघायला ते खिडकीपाशी गेले आणि दोन्ही कागद एकावर एक धरून काचेला टेकवले. ही त्यांची जुनी सवय, फिल्म अशाच बघायचे.

पाठीमागून ऊन येत होतं. पेशींच्या कडा एकमेकींवर आल्या नव्हत्या, येणारही नव्हत्या, दोन वेगळ्या पाली. पण लाल ठिपके एकावर एक होते. त्यांना वाटलं, नजर चुकतेय. कागद सरकवले, परत जुळवले. ठिपक्यावर ठिपका. वरच्या कोपऱ्यात तीन जवळजवळ होते, ते दोन्हीत तीनच, तसेच.

तिथे किती वेळ उभे होते ते त्यांना सांगता आलं नाही. मग ते कॅमेऱ्यापाशी आले. दिवसभर चालून तो कोमट झाला होता, हात लावला तर मांजराच्या अंगासारखा. त्यांनी त्याच्या तोंडावर झाकण लावलं. स्लाइड नाही, दिवा नाही, काही नाही. मिनिटभर उघडा ठेवला आणि फोटो काढला.

काळ्या पडद्यावर लाल ठिपके आले. त्यांनी मोजले. दोनशे चौदा. लेखातल्या नव्या शेपटीच्या फोटोत दोनशे एकोणीस होते.

मग सगळं आपोआप लागत गेलं. सकाळी कॅमेरा गार असतो, ठिपके कमी. दुपारपर्यंत तापतो, ठिपके तिप्पट. सकाळी मूळ शेपटी, दुपारी नवी. पालीचा त्यात काही संबंध नव्हता. मुलीने वर्षभर मोजलं होतं ते कॅमेऱ्याचं तापणं, आणि त्याची वायर खणात होती.

त्या क्षणी त्यांनी काय करायला हवं होतं हे त्यांना कळत होतं. खाली एक जिना उतरायचा आणि डाव्या हाताला पालींची खोली. त्याऐवजी त्यांनी खण उघडला, वायर काढली, जोडली. चिकटपट्टी सोलली, तिचा गोंद दिव्यावर राहिला होता तो स्पिरिटने पुसला. पंखा सुरू झाला, दिवा हिरवा झाला. झाकण लावून काढलेला फोटो त्यांनी पुसून टाकला. दोन्ही कागद बारीक फाडून खिशात घालून घरी नेले.

“मला वाटलं, आता इथून पुढे नीट चालेल,” ते म्हणाले. “मागचं काय, हा विचार मी केलाच नाही. करायचाच नाही असं ठरवलं होतं बहुतेक.”

पुढच्याच दिवशी ती नवे काप घेऊन आली. फोटो काढला. लाल ठिपके चार.

“काका, हे काय?”

“बघू परत.”

परत काढला. तीन.

तिने सगळं पुन्हा केलं. एका खेपेला चार दिवस लागायचे. पुन्हा तेच. तिने रंग बदलला, नवी बाटली मागवली, ती माझ्याच खिडकीतून गेली. तिचा चेहरा उतरलेला होता, मी विचारलं तर म्हणाली, “काहीतरी चुकतंय माझं, सापडत नाहीये.” काप काढायची सुरी बदलली. पाणी बदललं. वहीची पानं मागे जाऊन तपासली. विभागप्रमुख बाईंनी तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की पहिलं यश डोक्यात गेलं की हात सैल पडतो. सगळ्यांसमोर नाही, पण दार उघडं होतं.

काका हे सगळं बघत होते. रोज बघत होते, कारण फोटो तेच काढत होते. डॉक्टर म्हणणं त्यांनी सोडलं होतं, तोंडातून निघेना. ती मात्र पूर्वीसारखीच स्टुलावर बसायची. एका दुपारी, पडद्यावर रिकामा अंधार असताना, तिने आपले दोन्ही हात समोर धरले आणि म्हणाली, “काका, खरं सांगा. तुम्ही इतक्या लोकांचं काम बघितलंय. माझ्या हातातलं गेलं का?”

आणि काका म्हणाले, “होतं असं कधीकधी. घाई करू नकोस. नीट लक्ष देऊन कर.”

हे वाक्य त्यांनी मला तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. प्रत्येक वेळी आधी सांगितलंय हे ते विसरले होते. वायर काढली त्याची लाज त्यांना होती, फोटो पुसला त्याचीही होती, पण त्यांच्या मते त्या गोष्टी भित्र्या माणसाच्या होत्या. ‘नीट लक्ष देऊन कर’ हे मात्र त्यांना कुठल्याच माणसात बसवता येत नव्हतं.

असे सहा आठवडे गेले. मग ती म्हणाली, की जुने नमुने बहुधा खराब झालेत, आता पहिल्यापासून सुरुवात. सगळ्या पालींच्या शेपट्या पुन्हा तोडायच्या. चिमट्याने एका विशिष्ट जागी धरलं की पाल आपण होऊनच शेपटी सोडते, मारावं लागत नाही, पण तिला ते आवडायचं नाही. पहिल्या वेळेस तिने दोन दिवस नीट खाल्लं नव्हतं. शेपटीत पालीची चरबी साठलेली असते, ती गेली की पाल खंगते, काही मरतातही. “मंगळवारी करते,” ती काकांना म्हणाली. “तुम्ही बुधवारपासून मोकळे आहात ना?”

सोमवारी संध्याकाळी काकांनी बायकोला सगळं सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या. काका बोलायचे थांबले तेव्हा म्हणाल्या, “हे तुम्ही मला का सांगताय? माझी शेपटी तुटणार आहे का?”

काकांनी भाजीची एक काडी उचलून परत ठेवली.

“तिला सांगा की.”

“ती काय म्हणेल?”

“मला काय माहीत ती काय म्हणेल? मी तुमच्याबरोबर तीस वर्षं आहे, ती दोनच. ती कदाचित बोलेल तरी.”

मंगळवारी काका संस्थेत वेळेवर पोचले, पण वरच्या मजल्यावर जाण्याऐवजी आवारात दोन फेऱ्या मारल्या. माझ्या खिडकीशी आले, भिंगाचा कागद मागितला, घेतला आणि तिथेच विसरून गेले. मी हाक मारली ती त्यांना ऐकू आली नाही. पालींच्या खोलीत पोचायला त्यांना साडेदहा वाजले. ती नऊपासून काम करत होती. टेबलावर अकरा बाटल्या होत्या, प्रत्येकीत एक शेपटी. हातात बारावी पाल होती.

“थांब,” काका म्हणाले.

ती थांबली. त्यांनी दारातच उभं राहून सांगितलं, वायरीपासून झाकण लावून काढलेल्या फोटोपर्यंत. वाटेत कुठे अडले नाहीत, कारण आवारात दोन फेऱ्या मारताना तेच घोकत होते. मुलीने ऐकता ऐकता बारावीला तिच्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं, झाकण नीट बसलंय का ते दाबून बघितलं.

“तुम्हाला कधी कळलं?” तिने विचारलं.

“सहा आठवडे झाले.”

“म्हणजे मी रंगाची नवी बाटली मागवली त्याच्या आधी.”

“हो.”

“बाईंनी मला बोलावलं त्याच्या आधी.”

“हो.”

ती थोडा वेळ अकरा बाटल्यांकडे बघत राहिली. “आणि मी हातांचं विचारलं तेव्हा?”

काकांनी मान डोलावली.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “सर, तुम्ही आता जा.”

तोपर्यंत ती त्यांना काका म्हणत होती. त्यानंतर कधी म्हणाली नाही. कुणाला सर म्हणणं यात अपमान काहीच नाही, तक्रार करण्यासारखंही काही नाही. ते वरच्या मजल्यावर गेले आणि आपल्या खोलीत दिवा न लावता बसले.

विभागप्रमुख बाईंना तिने त्याच दिवशी सांगितलं. लेख मागे घ्यावा लागणार होता. दोन दिवसांनी बाईंनी काकांना बोलावलं. ओरडतील असं काकांना वाटलं होतं, किंबहुना ओरडाव्यात अशी इच्छा होती. बाईंनी एक पत्र पुढे सरकवलं. मासिकाला पाठवायचं होतं. त्यात लिहिलं होतं, की कॅमेऱ्याच्या थंडाव्याच्या यंत्रणेत तांत्रिक बिघाड झाल्याने मोजणी चुकीची ठरली आहे.

“तुमच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत,” बाई म्हणाल्या. “संस्थेचंही नाव आहे. खाली सही करा.”

काकांनी सही केली. जिना चढताना त्यांना हलकं वाटलं, आणि हलकं वाटतंय हे लक्षात आलं तेव्हा ते जिन्यातच थांबले. एकदा कबूल केलं की झालं, असं ते समजून चालले होते. पण लपायला पुन्हा जागा मिळाली आणि ते पुन्हा आत शिरले होते, त्याला एक मिनिटही लागलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगी ते पत्र घेऊन त्यांच्या खोलीत आली. तिलाही सही करायची होती. तिने ‘तांत्रिक बिघाड’ या शब्दांवर बोट ठेवलं. “सर, बिघाड झाला होता का?”

“नाही.”

“कॅमेरा नीट होता?”

“एकदम नीट.”

ती पत्र टेबलावर ठेवून उभी राहिली. काकांनी पेन घेतलं. त्यांचं अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, की थंडाव्याची वायर मी स्वतः काढून ठेवली होती, हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि चूक लक्षात आल्यावरही सहा आठवडे गप्प राहिलो. विद्यार्थिनीच्या कामात दोष नाही. खाली पूर्ण नाव. मग ते कागद घेऊन स्वतः खाली गेले. बाईंनी वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाल्या, “हे टाइप तरी करून घ्या.”

तसंच गेलं ते पत्र. काकांना एक लेखी ताकीद मिळाली, त्या वर्षीची पगारवाढ थांबली. यापेक्षा जास्त काही झालं नाही, आणि जास्त काही झालं नाही हेच त्यांना जड गेलं. उपाहारगृहात लोक त्यांच्याशी आधीसारखंच बोलायचे. एक-दोघं म्हणाले, कबूल केलंत, मोठं मन आहे तुमचं. असं कुणी म्हटलं की काका ताट उचलून उठायचे.

मुलीने सगळं पुन्हा मोजलं. दर वेळी आधी झाकण लावून एक फोटो, मग नमुन्याचा. सकाळ-दुपार आलटून पालटून. जवळजवळ दोन वर्षं जास्त लागली. तिच्याबरोबरच्या दोघी नोकरीला लागल्या, एकीला मूल झालं. शेवटी निघालं ते एवढंच, की ती शोधत होती ते द्रव्य नव्या शेपटीत नसल्यात जमा आहे. तिने तेच लिहिलं, व्यवस्थित लिहिलं, आणि तिला पदवी मिळाली. या दोन वर्षांत सगळे फोटो काकांनीच काढले. ती शेजारी बसायची, कामाचं बोलायची, “सर, थोडं डावीकडे,” “सर, तापमान सांगता का?” स्टूल आता हातभर लांब असायचं. शेपटी गेलेल्या त्या अकरांपैकी दोन पाली मेल्या. काकांनी मला त्यांचे क्रमांकही सांगितले, चार आणि नऊ.

निवृत्त होईपर्यंत दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना तो कॅमेरा शिकवायचं काम काकांकडे होतं. एकदा मी काही सामान द्यायला गेले तेव्हा वर्ग चालू होता. ते उभं राहून सांगत होते, ही वायर, ही मी दोन वर्षं काढून ठेवली होती. या दिव्यावर मी पट्टी चिकटवली होती. पट्टीचं ऐकून मुलं हसली. काकांचे कान लाल झाले होते. ते हसणं संपेपर्यंत थांबले आणि पुढचं सांगायला लागले, सहा आठवड्यांचं. मग कुणी हसलं नाही. मी सामान दाराशी ठेवलं आणि परत आले, मला ते ऐकवेना. नंतर मी त्यांना म्हटलं, “काका, दरवर्षी कशाला? वायर जोडा एवढं सांगितलं तरी पुरे.”

“वायर जोडा असं मलाही सांगितलं होतं, ताई,” ते म्हणाले.

मुलगी आता दुसऱ्या एका संस्थेत शिकवते. काका निवृत्त झाल्यावर वर्षभराने तिचा त्यांना फोन आला. काकूंनी उचलला आणि नाव ऐकून पटकन त्यांच्या हातात दिला. तिथल्या कॅमेऱ्याच्या फोटोत मधोमध एक धुरकट गोल येत होता, पुसून जात नव्हता. काकांनी विचारलं, खोली दमट आहे का, कॅमेरा किती वेळ थंड चालतो, गोल सुरुवातीपासून असतो की नंतर येतो. मग म्हणाले, आतल्या काचेवर दव धरत असेल, ओल शोषणाऱ्या गोळ्या आत असतात त्या संपल्या असतील. “पण मी हे एकदाच पाहिलंय. नक्की माहीत नाही. उघडू नकोस, कंपनीच्या माणसाला विचार.”

“बरं सर. विचारते,” ती म्हणाली. मग तिने थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा त्यांनी हे सांगितलं. मी विचारलं, आणखी काही बोलली का? तुमची चौकशी, तब्येतीची वगैरे?

“नाही,” काका म्हणाले. “घाईत होती. तिचा तास होता.”

काकूंनी आतून विचारलं, चहात साखर घालू का, आणि मी म्हटलं, अर्धा चमचा.